दोघांशिवाय उजळत नाही: एकटेपणावरची प्रकाशकृती सोसायटीच्या अंगणात कशी उभारायची

हात पुढे केला की रंग बदलतो, टाळी वाजवली की दिवे नाचतात. संवादी प्रकाशकला म्हणून हल्ली मॉलपासून महोत्सवांपर्यंत जे दिसतं, त्यातलं बरंचसं म्हणजे महागडं बटण असतं. माणूस येतो, दाबतो, फोटो काढतो आणि जातो. शेजारी कोण उभं आहे याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. एकटेपणा आणि माणसांमधलं नातं हाच विषय असेल, तर माझ्या मते दोन अटी पाळायलाच हव्यात. एक, ती कृती एकट्या माणसाला पूर्ण करता येता कामा नये. दुसरी अट लोक विसरतात: कोणीच नसताना जो प्रकाश दिसतो त्यावर सर्वात जास्त मेहनत घ्यावी. रात्रीचा बहुतेक वेळ तिथे कोणी नसणारच आहे.

या लेखात दोन खांबांमधली एक प्रकाशरेषा बांधायची आहे. दोन माणसं एकेका खांबाला हात लावून एकमेकांचा हात धरतात, तेव्हाच ती अखंड उजळते. सोल्डरिंग येणारी एक व्यक्ती, सुतारकामाची थोडी सवय असलेली एक आणि चार-पाच मोकळे शनिवार-रविवार एवढं असलं की पुरे. कोजागिरीला हे छान जमतं. पाऊस सरलेला असतो, माणसं अंगणात किंवा गच्चीवर आलेली असतात, आणि दूध आटेपर्यंत कोणालाच घाई नसते.

आधी तीन कामं नीट पाहून घ्या

मेक्सिकन-कॅनेडियन कलावंत राफाएल लोझानो-हेमर यांची ‘पल्स रूम’ २००६ साली मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरात पहिल्यांदा मांडली गेली. छताला शंभर ते तीनशे साधे बल्ब टांगलेले. तुम्ही दोन दांड्या धरल्या की सेन्सर तुमची नाडी पकडतो आणि जवळचा बल्ब त्याच ठेक्यात लुकलुकू लागतो. हात सोडलात की सगळे दिवे क्षणभर विझतात, मग तुमचा ठोका रांगेतल्या पुढच्या बल्बवर सरकतो आणि आधीच्या सगळ्यांचे ठोके एकेक घर पुढे जातात. म्हणजे खोलीत कायम आधी येऊन गेलेली माणसं असतात. यातून आपण घ्यायचं ते एवढंच: स्पर्श संपला तरी त्याची खूण मागे राहिली पाहिजे.

त्यांचंच ‘बॉर्डर ट्यूनर’ नोव्हेंबर २०१९ मध्ये अमेरिकेतलं एल पासो आणि मेक्सिकोतलं सिउदाद हुआरेझ या सीमेवरच्या जोडशहरांत झालं. दोन्ही बाजूंना तीन-तीन केंद्रं होती आणि तिथून आकाशात सोडलेले सर्चलाइटचे झोत लोकांना फिरवता येत. एका बाजूचा झोत दुसऱ्या बाजूच्या झोताला भेटला की त्या दोन केंद्रांमध्ये आवाजाची वाट खुली होई, आणि अनोळखी माणसं सीमेपलीकडे बोलू लागत. इथे प्रकाशाचं काम फक्त भेट घडवण्यापुरतं होतं. पुढचं माणसांनी पाहून घेतलं.

तिसरं कॅनडातल्या कॅलगरीचं, २०१२ सालचं. केटलिंड ब्राउन आणि वेन गॅरेट यांनी नव्या-जुन्या, गेलेल्याही सुमारे ६,००० बल्बांचा एक ढग केला आणि त्याखाली ओढायच्या साखळ्या सोडल्या. एकेक साखळी ओढून लोक दिवे चालू-बंद करत. महागडा सेन्सर नाही, संगणक नाही. बजेटची काळजी वाटली की हे काम आठवावं.

अंतर किती ठेवायचं

कृतीचा सगळा अर्थ दोन खांबांमधल्या अंतरात आहे. दोन्ही हात पसरले तर एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंतची लांबी साधारण माणसाच्या उंचीएवढी भरते. खांब पाच फुटांवर ठेवलेत तर कोणीही उंच माणूस एकटाच दोन्ही धरून मोकळा होईल. आठ फुटांवर, म्हणजे सुमारे २.४ मीटरवर ठेवलेत तर एकट्याला ते अशक्य आहे, दोन मोठ्यांना सहज जमतं आणि दोन लहान मुलांना ताणून उभं राहावं लागतं, नाहीतर तिसऱ्याला हाक मारावी लागते. ती हाक मला फार मोलाची वाटते. तेरा फुटांवर गेलात तर तिघं लागतातच. पहिल्या खेपेला आठ फूटच ठेवा.

खांब लाकडी, सात फूट उंच, खाली जड बूड असलेले. मांडवाचे बांबूही चालतील, पण बुडाशी वाळूची पोती हवीत, कारण माणसं ओढणार आहेत. हात लावायची धातूची पट्टी जमिनीपासून दोन फुटांवर सुरू होऊन सव्वाचार फुटांपर्यंत यावी. मग लहान मुलाचा, उभ्या माणसाचा आणि चाकाच्या खुर्चीतल्या आजीचा हात तिच्यापर्यंत पोचतो.

सामान

धातू म्हणून पितळ किंवा तांबं घ्या. पुण्यात असाल तर कसब्यातल्या तांबट आळीत ठोक्याच्या कामाचा पत्रा हवा तसा वाकवून मिळतो, आणि ठोक्यांच्या खुणांवर प्रकाश सुंदर खेळतो. दुकानातली चकचकीत पितळी वस्तू घेणार असाल तर सावध राहा. त्यावर बऱ्याचदा पारदर्शक लॅकर असतं आणि त्यातून वीज जात नाही. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून दोन टोकं पत्र्यावर टेकवा. बीप वाजला तर घ्या, नाहीतर पॉलिश पेपरने घासावं लागेल.

इलेक्ट्रॉनिक्स मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास मिळतं. यादी अशी: ईएसपी३२ बोर्ड (प्रोग्राम करता येणारा, बिनतारी बोलणारा छोटा संगणक) दोन, डब्ल्यूएस२८१२बी जातीची पाच व्होल्टची एलईडी पट्टी (मीटरला ६० दिवे) अडीच मीटर, ५ व्होल्ट १० अँपिअरचा एसएमपीएस (घरातली वीज पाच व्होल्टवर उतरवणारी पेटी), ७४एएचसीटी१२५ ही आयसी (सिग्नलचं व्होल्टेज चढवणारी चिप), १००० मायक्रोफॅरडचा एक आणि ०.१ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर, १ मेगाओहम, १०० किलोओहम आणि ४७० ओहमचे रेझिस्टर, एक पॉवर बँक, शील्ड असलेली ऑडिओची वायर तीन-चार मीटर. ईएसपी३२ काहीशे रुपयांत येतो. एक जादा घेऊन ठेवा.

स्पर्शाचं सर्किट

इथे घाई करू नका, नीट वाचा. सर्किट माणसांच्या शरीरातून जाणार आहे.

पहिल्या खांबाचा पत्रा १०० किलोओहममधून ईएसपी३२च्या ३.३ व्होल्टला जोडा. दुसऱ्या खांबाचा पत्रा शील्डच्या वायरने ३४ नंबरच्या पिनवर आणा. त्याच पिनवरून ग्राउंडला १ मेगाओहम आणि त्याच्या समांतर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. हात धरलेले नसताना पिनवर शून्य व्होल्ट. दोघांनी हात धरले की साखळी पूर्ण होते आणि व्होल्टेज वर चढतं. कोरड्या हातांच्या दोन माणसांचा मिळून २०० किलोओहम रोध धरला तर पिनवर सुमारे अडीच व्होल्ट दिसतील. थंडीत कातडी कोरडी पडून तो १ मेगाओहमवर गेला तरी दीड व्होल्ट मिळतात. शरीरातून जाणारा प्रवाह कोणत्याही परिस्थितीत ३ मायक्रोअँपिअरच्या आसपासच राहतो. तो जाणवतही नाही.

पण हे गणित सर्किट फक्त बॅटरीवर असेपर्यंतच खरं. स्पर्शाचा ईएसपी३२ घरातल्या विजेवर चालणाऱ्या चार्जरला किंवा एसएमपीएसला कधीही जोडू नका, पाच मिनिटांसाठीही नाही. स्वस्त चार्जरमधून थोडी गळती होत असते. लॅपटॉप चार्जिंगला असताना त्याच्या धातूच्या बॉडीला हात लावल्यावर मुंग्या येतात, ती हीच. चार्जर बिघडला तर गोष्ट मुंग्यांवर थांबणार नाही. म्हणून दोन बोर्ड वेगळे. स्पर्शाचा बोर्ड पॉवर बँकेवर आणि दिव्यांचा एसएमपीएसवर चालेल. दोघांमध्ये एकही वायर नको, निरोप बिनतारी जाईल. त्यासाठी ईएसपी-नाऊ हा प्रोटोकॉल वापरा. त्याला राउटर लागत नाही, आणि आपला निरोप चार-सहा बाइटचा असताना त्यात एका वेळी निदान २५० बाइट मावतात. पेसमेकर असलेल्यांनी पत्र्याला हात लावू नये, अशी पाटीही ठळक लावा.

३४ नंबरची पिन सहज निवडलेली नाही. ईएसपी३२मध्ये व्होल्टेज मोजणारे दोन विभाग असतात, आणि वायफाय किंवा ईएसपी-नाऊ चालू असताना दुसऱ्या विभागाच्या पिना भरवशाच्या राहत नाहीत. ३२ ते ३९ या पहिल्या विभागातल्या. त्यातल्याच घ्या.

आता घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेची गुणगुण. माणसाचं शरीर अँटेनासारखं ती पकडतं, आणि एकट्याने दुसरा खांब धरला तरी आकडे हलू लागतात. कपॅसिटर त्यातली बरीच गिळतो. उरलेलीसाठी वीस मिलिसेकंदांच्या पटीत, म्हणजे १०० मिलिसेकंद, वाचनांची सरासरी घ्या. विजेची पाच आवर्तनं त्यात पूर्ण बसतात आणि चढ-उतार एकमेकांना खोडतात. शिवाय चालू होण्याची आणि बंद होण्याची रेघ वेगळी ठेवा: ०.८ व्होल्टच्या वर गेलं तर ‘जोडले’, ०.५च्या खाली आलं तर ‘सुटले’. एकच रेघ ठेवलीत तर घामट हातांची बोटं जरा हलली तरी दिवा फडफडेल.

पाय कुठे आहेत, हाही प्रश्न आहे. दोघंही ओल्या फरशीवर अनवाणी उभे असले तर साखळी हातांऐवजी पायांतून, जमिनीवाटे पूर्ण होऊ शकते, आणि एकमेकांना न शिवताच दिवा उजळेल. उपाय पुढच्या टप्प्यात आपोआप मिळतो.

पायाखालचा पाट

एकटा माणूस खांबाशी आला आणि काहीच झालं नाही, तर तो ‘बंद आहे वाटतं’ म्हणून निघून जाईल. त्याची दखल घ्यायला हवी. हालचाल टिपणारा पीआयआर सेन्सर वापरू नका. हालचाल थांबली की तो माणसाला विसरतो, आणि आपला माणूस तर हात धरून स्तब्ध उभा राहणार आहे. त्यापेक्षा प्रत्येक खांबापाशी प्लायचा दोन फूट चौरस सपाट पाट करा. दोन प्लायच्या मध्ये अ‍ॅल्युमिनियम फॉइल, मग रुपयाएवढी भोकं पाडलेला पातळ फोम, मग पुन्हा फॉइल. माणूस उभा राहिला की भोकांमधून दोन फॉइल टेकतात. झाला स्विच. दोन्ही पाटांच्या वायरी २५ आणि २६ नंबरच्या पिनांना जोडा. तिथे बोर्डाच्या आतलाच पुल-अप, म्हणजे स्विच उघडा असताना पिन ३.३ व्होल्टवर धरून ठेवणारा रेझिस्टर मिळतो, ३४ला मिळत नाही. वरून रबरी मॅट चिकटवा. जमिनीवाटे साखळी पूर्ण होण्याचा प्रश्न इथेच मिटतो, आणि कुठे उभं राहायचं हे सांगावंही लागत नाही. कडेला उतार द्या, म्हणजे चाकाची खुर्ची चढेल.

प्रकाशरेषा

पट्टी खांबांच्या माथ्यावरून आडवी जाईल. अ‍ॅल्युमिनियमच्या पन्हळीत बसवून वर दुधी अ‍ॅक्रिलिक लावा, किंवा आकाशकंदिलासारखी चौकट करून मांजरपाट ताणा. मला कापड आवडतं. एलईडीचे ठिपके वेगवेगळे दिसू नयेत म्हणून दिवे आणि कापड यांत किमान दोन दिव्यांमधल्या अंतराएवढी जागा हवी. मीटरला ६० दिवे म्हणजे ते अंतर जेमतेम १७ मिलिमीटर. पण २५ ते ३० ठेवा.

विजेचा हिशोब: आठ फुटांत १४४ दिवे, पूर्ण पांढरा लावला तर प्रत्येकी सुमारे ६० मिलिअँपिअर, म्हणजे साडेआठ अँपिअरच्या वर. तेवढं कधीच लावायचं नाही. फास्टएलईडी या पट्टी चालवायच्या तयार प्रोग्रामसंचात (लायब्ररीत) कमाल वीज ठरवून देता येते, ती ४ अँपिअरवर बांधा. पुरवठा पट्टीच्या दोन्ही टोकांना द्या, नाहीतर दूरचं टोक तांबूस पडेल. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पट्टीच्या तोंडाशी, ४७० ओहम डेटाच्या वायरीत. पट्टीला डेटा म्हणून साडेतीन व्होल्ट लागतात आणि ईएसपी३२ ३.३च देतो, म्हणून मध्ये ७४एएचसीटी१२५. त्याशिवायही टेबलावर चालतं. अंगणात लांब वायर झाली की वेडीवाकडी लुकलुक सुरू होते.

एसएमपीएस बंद पेटीत, जमिनीपासून वर, अर्थिंगसह ठेवा. त्याची लाइन ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमधून, म्हणजे गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचमधून घ्या. मांडववाल्याच्या वायरमनला हे सांगितलं की तो करून देतो.

प्रकाश कसा वागेल

आता खरं काम. अर्धा वेळ इथे घाला.

कोणी नसताना दोन्ही टोकांना चार-पाच दिव्यांचा एकेक निखारा. रंगासाठी लाल २५५, हिरवा १४७, निळा ४१. मेणबत्तीच्या जवळ जाणारा हा आकडा फास्टएलईडीतच दिलेला आहे. डावा निखारा पाच सेकंदांत एक श्वास घेईल, उजवा ५.६ सेकंदांत. दोघांची लय जुळत नाही, पण साधारण ४७ सेकंदांनी एकदा दोघं बरोबर फुलतात आणि पुन्हा हळूहळू अलग होत जातात. बाकावर बसलेल्या कोणाला तरी ते लक्षात येईल. येणार नाही कदाचित, तरी असू द्या.

फार मंद प्रकाशात या पट्टीची अडचण दिसते. प्रत्येक रंगाला २५५च पायऱ्या, त्यामुळे खालच्या टोकाला श्वास गुळगुळीत न होता टप्प्याटप्प्याने उड्या मारतो. आकडा आणखी खाली नेण्यापेक्षा कापडाचा दुसरा थर लावा आणि दिवे जरा जास्त उजळ चालवा.

एक माणूस पाटावर चढला की त्याच्या बाजूचा निखारा लांबत रेषेच्या चाळीस टक्क्यांपर्यंत येतो, थांबतो, थोडा मागे जातो, पुन्हा येतो. मध्यापर्यंत कधीच पोचत नाही. दुसरा माणूस आला की त्याचाही तसाच. आता मध्ये हातभर काळोख उरतो, आणि खाली तेवढंच अंतर दोन माणसांत. काय करायचं हे बहुतेकांना इथेच कळतं. कोणी ओरडून सांगायची गरज नाही.

हात धरले की काळोख एका सेकंदात भरतो. चटकन नको. साखळीचा रोध आपण मोजतोच आहोत, तोही वापरा. नुसती बोटं टेकवली तर व्होल्टेज कमी, पूर्ण पंजा घट्ट धरला तर जास्त. त्यावरून रेषेची प्रखरता ठरवा. माणसं हे दोन मिनिटांत ओळखतात आणि पकड घट्ट-सैल करून खेळू लागतात. कोणी स्टीलच्या डब्याने किंवा सेल्फी स्टिकने साखळी पूर्ण करून फसवू पाहील. करू दे. दुसरं टोक धरायला त्याला कोणीतरी लागतंच.

हात सोडल्यावर प्रकाश वीस सेकंद घेऊन ओसरतो, आणि रेषेवर कुठेतरी एक दिवा अगदी अंधुक पेटलेला राहतो. प्रत्येक जोडीमागे एक. रात्र सरेल तसे हे ठिपके वाढतात, मंडळी घरी गेल्यावर पुसले जातात. ‘पल्स रूम’कडून घेतलेलं ते हेच.

कोणत्याही अवस्थेत सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखाट होऊ देऊ नका. अपस्मार असलेल्यांना त्याने झटका येऊ शकतो. आणि स्पर्शाच्या बोर्डाकडून एक सेकंद निरोप आला नाही तर दिव्यांनी निखाऱ्यांवर परतावं, ही ओळ प्रोग्राममध्ये असू द्या. नाहीतर पॉवर बँक संपली की रेषा उजळलेलीच अडकून पडते, आणि मग एकटा माणूसही ती पेटलेली पाहतो. सगळी कृती तिथेच मेली.

पॉवर बँकेचं आणखी एक: फार कमी वीज ओढली तर काही पॉवर बँका आपोआप बंद होतात. आपली होते का, हे आदल्या रात्री दोन तास लावून बघा.

अंगणात मांडताना

हाय-मास्ट आणि पार्किंगचे ट्यूबलाइट विझवायची परवानगी आधी घ्या. सेक्रेटरी सुरक्षेचं कारण देतील. मग रस्त्याकडचे चालू ठेवून अंगणाकडचे बंद, अशी तडजोड करा. उजेडात या कामाला काहीच अर्थ उरत नाही.

हात धरण्याचा संकोच खरा आहे. अनोळखी बाई-पुरुष, नव्या सुना, कोणाशी तरी पार्किंगवरून बोलणं बंद असलेले शेजारी. त्यांच्यासाठी रेषेच्या मध्यापासून दोरीने एक वीतभर पितळी दांडी टांगून ठेवा. एकेकाने तिचं एकेक टोक धरलं तरी साखळी पूर्ण होते. हात धरायचा की दांडी, हे ज्याचं त्याने ठरवावं. दोरी सुती नको, नायलॉनची हवी, कारण दवाने भिजलेली सुती दोरी वीज वाहून नेते. पत्र्यांच्या खालीही अ‍ॅक्रिलिकचे तुकडे घाला, ओल्या लाकडाचाही तोच त्रास.

पाटीवर एवढंच लिहा: ‘एकेका पाटावर उभे राहा. खांबाला हात लावा.’ आणि खाली पेसमेकरची सूचना. एकटेपणावर चार ओळी लिहायचा मोह आवरा. स्वयंसेवक एकच, तोही दहा फूट लांब. त्याचं काम समजावून सांगायचं नाही. एखादी आजी एकटीच पाटावर बराच वेळ उभी दिसली, तर दुसऱ्या पाटावर जाऊन उभं राहायचं.

उतरवताना आधी एसएमपीएसचा प्लग काढा, मग बाकीचं. पट्टी थाळीएवढ्या घेरात गुंडाळा. घट्ट गुंडाळलीत तर तिचे सोल्डरचे जोड तडकतात. पॉवर बँक पेटीत विसरू नका. आणि पत्र्यांवर रात्रभरात शेकडो हातांचा घाम बसलेला असतो, तो चिंचेने घासून, धुऊन, कोरडे करून मगच ठेवा. काळं पडलेलं पितळ पुढच्या वेळी नीट चालणार नाही.